पिल्लू परत घेण्याचं कलम

पुण्यात लॅब्रॅडॉरचं पिल्लू घ्यायचं मनात आलं तर सकाळी ठरवून संध्याकाळी ते घरात असू शकतं. कुणाच्या तरी ओळखीचा एक 'डॉगवाला' असतोच. त्याला फोन लावायचा, रंग सांगायचा, नर की मादी ते सांगायचं, घासाघीस करायची, की पुठ्ठ्याच्या खोक्यातून पिल्लू हजर. अमेरिकेतही हे असं करता येतं, येत नाही असं नाही. इंटरनेटवर फोटो बघा, क्रेडिट कार्डाचा नंबर द्या, पिल्लू विमानाने येईल. पण इथे आणखी एक जमात आहे, आणि ती मला इथे येईपर्यंत माहीतच नव्हती. पैसे हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला "सध्या नाही" म्हणणारी, आणि वर त्याचीच परीक्षा घेणारी. आम्हाला आमचं पिल्लू मिळायला चौदा महिने लागले. माझी पीएच.डी.ची अ‍ॅडमिशन याहून लवकर झाली होती!

आधी एक खुलासा करते. "विकत कशाला घेता, शेल्टरमधून आणा की," हा प्रश्न इथल्या निम्म्या मित्रमंडळींनी विचारला, आणि तो रास्त आहे. टाकून दिलेल्या कुत्र्याला घर देणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. आमच्याकडे अडचण अशी की नवऱ्याला लहानपणी कुत्रं चावलेलं. त्याला कुत्रं हवं होतं, पण ज्याचे आईबाप, स्वभाव आणि वाढ माहीत आहे असंच. तेव्हा आम्ही ब्रीडर शोधायला लागलो. हे सगळं २०२० च्या मार्चमधलं. त्याच सुमाराला कोविडने अख्खी अमेरिका घरात बसवली आणि सगळ्यांनाच एकदम कुत्रं हवंसं वाटायला लागलं.

आम्ही मिनेसोटात राहतो. आमच्या गावापासून दोन तासांवर, मिसिसिपीच्या काठच्या टेकड्यांमध्ये, एक निवृत्त शाळामास्तरीण बाई लॅब्रॅडॉरची पैदास करतात. घरात तीन कुत्र्या, वर्षाला एक वेत, फार तर दोन. मी त्यांना इथे बाई म्हणते, कारण पहिल्याच फोनला मला आपण वर्गात उभ्या आहोत असं वाटलं होतं. बाईंनी आधी फॉर्म पाठवला. चार पानी. घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याचं असेल तर मालकाचं पत्र जोडा. कुंपण आहे का, किती उंच? दिवसाचे किती तास कुत्रं एकटं राहील? घरातल्या प्रत्येकाला कुत्रं हवं आहे का, की एकाच्या हट्टापायी बाकीचे हो म्हणताहेत? आधी कुत्रं होतं का, आणि ते कसं गेलं? आणि शेवटच्या पानावर एकच प्रश्न, खाली सहा रिकाम्या ओळी: "तुम्ही हे कुत्रं ठेवू शकणार नाही अशी परिस्थिती कोणती असेल, ते लिहा."

नवरा म्हणाला, "अशी परिस्थिती येणार नाही, असं लिहून टाक." मी तसं लिहिलं नाही, कारण ते खरं नव्हतं. मी एच-१बी व्हिसावर, तो माझ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर. माझी नोकरी गेली तर जास्तीत जास्त साठ दिवस. हा साठ दिवसांचा नियम २०१७ पासूनचा. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने माझ्यासाठी अर्ज करायचा, नाही तर चंबूगबाळं आवरून दोघांनी देश सोडायचा. मी हे सगळं सहा ओळींत बसवलं आणि फॉर्म पाठवून दिला. आता काही आपल्याला पिल्लू मिळत नाही, अशी मनाची तयारीही केली.

दोन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुमच्या फॉर्ममधलं शेवटचं पान मला आवडलं. अशी वेळ येणारच नाही असं जे लिहितात, त्यांची मला जास्त काळजी वाटते."

मग उन्हाळ्यात बघण्याचा कार्यक्रम झाला. दुसरा शब्दच नाही हो त्याला! अंगणात सहा फुटांवर खुर्च्या मांडलेल्या, आम्ही दोघं नीटनेटके कपडे घालून बसलेलो, आणि बाईंच्या तिन्ही कुत्र्या आमचा वास घेऊन जाताहेत. फक्त कांदेपोहे तेवढे नव्हते. फोनवर आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, कुत्रं आणतेयस की सोयरीक करतेयस? आपल्याकडे मुलगी देताना सुद्धा एवढी चौकशी करत नाहीत." आणि मग जरा थांबून म्हणाली, "करायला हवी होती, म्हणा."

पण गंमत अशी की सोयरिकीसारखीच इथेही चौकशी दोन्हीकडून होते. चांगला ब्रीडर तुम्हाला प्रश्न विचारतो आणि तुम्ही त्याला विचारलेले प्रश्न त्याला आवडतात. मी बाईंना म्हटलं, मला आईबापांचे कागद बघायचेत. त्यांनी घरातून एक जाडजूड फाइलच आणली. आपल्याकडे 'पेपरवालं कुत्रं' म्हणतात, तेव्हा पेपर म्हणजे नुसती वंशावळ. आजोबा चॅम्पियन, पणजोबा चॅम्पियन. बाईंच्या फाइलमध्ये वंशावळीचं एकच पान होतं. बाकी सगळे वैद्यकीय रिपोर्ट.

पहिला खुब्याचा. लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या कुत्र्यांमध्ये खुब्याचा उखळी सांधा नीट घडत नाही, गोळा खोबणीत सैल बसतो, हाडावर हाड घासतं आणि ऐन उमेदीत कुत्रं लंगडायला लागतं. हिप डिस्प्लेसिया म्हणतात त्याला. जॉन ऑलिन नावाच्या अमेरिकन उद्योगपतीला शिकारी लॅब्रॅडॉरचा मोठा शौक होता. त्याच्या कुत्र्यांमध्ये हा आजार निघाला, तेव्हा त्याच्या पुढाकाराने १९६६ साली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्स ही संस्था उभी राहिली. कुत्रं दोन वर्षांचं झालं की त्याच्या खुब्यांचा एक्स-रे या संस्थेकडे पाठवायचा. तीन तज्ज्ञ तो स्वतंत्रपणे तपासतात आणि 'उत्तम'पासून 'गंभीर'पर्यंत सात पायऱ्यांपैकी एक पायरी देतात. निकाल चांगला असेल तर तो संस्थेच्या संकेतस्थळावर कुत्र्याच्या नोंदणीकृत नावाने कुणालाही शोधता येतो. म्हणजे ब्रीडरच्या शब्दावर विश्वास ठेवायचं कारणच नाही. आता यातली मेख बघा. अंतिम निकाल दोन वर्षांआधी मिळत नाही. म्हणजे ज्याला हे नीट करायचं आहे त्याने दोन वर्षं कुत्री पोसायची, शिकवायची, आणि एक्स-रे वाईट निघाला तर तिची पैदास करायचीच नाही. बाईंच्या घरी सोफ्यावर पसरलेली चौथी एक कुत्री होती, तिचं असंच झालं होतं. खुबे नापास. तिला एकही वेत होऊ दिलं नाही, तिची नसबंदी केली, आणि ती मजेत सोफ्यावर.

दुसरा रिपोर्ट जनुकांचा. इथे माझ्यातली इंजिनियर सरसावून बसली. लॅब्रॅडॉरांमध्ये एक विचित्र आजार असतो. कुत्रं धडधाकट दिसतं, जोरात पळतं, आणि पाच-दहा मिनिटांच्या धावपळीनंतर त्याचे मागचे पाय लुळे पडून ते कोसळतं. बहुतेकदा थोड्या विश्रांतीने उठतं, क्वचित दगावतंही. याला कारणीभूत असलेला डीएनएम१ या जनुकातला बिघड २००८ साली प्रसिद्ध झाला, आणि त्या संशोधनात मिनेसोटा विद्यापीठाचा मोठा वाटा होता. हा बिघड शाळेत शिकलेल्या मेंडेलच्या वाटाण्यांसारखा वागतो. आई आणि बाप, दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. एकच प्रत असलेलं कुत्रं जन्मभर ठणठणीत, फक्त वाहक. दोन वाहक एकत्र आणले तर प्रत्येक पिल्लाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के. पण वाहक आणि निर्दोष अशी जोडी लावली तर आजारी पिल्लू एकही नाही. सरासरी निम्मी पिल्लं वाहक, एवढंच.

मी म्हटलं, मग वाहक कुत्रे पैदाशीतून काढूनच का टाकत नाही? बाई म्हणाल्या, "सगळेच काढले तर उरतील किती? मग उरलेल्यांची आपापसात लग्नं लावायची, आणि दुसराच एखादा आजार वर येणार." म्हणून त्या नात्याचा गुणांकही काढतात. चुलत-मामे भावंडांच्या संततीत तो ६.२५ टक्के असतो, सख्ख्या भावंडांच्या संततीत २५. आपल्याकडे पत्रिकेत छत्तीस गुण जुळवतात, बाईंनी खुबे, कोपर, डोळे, जनुकं आणि गोत्र असे पाच जुळवले होते. हे पाच मात्र तपासून बघता येतात.

१९६५ साली जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांचं कुत्र्यांच्या वागण्याबद्दलचं एक पुस्तक आलं. मेन राज्यातल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत त्यांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून बघितली होती. त्यांचा मुख्य निष्कर्ष असा की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं, ऐकतं, ज्यांच्यात वावरतं, ते त्याला पुढे आपलं वाटतं. ही खिडकी एकदा मिटली की नंतर फार कष्ट पडतात. म्हणजे पिल्लाच्या स्वभावाचा बराचसा पाया ते तुमच्या घरी यायच्या आधीच, ब्रीडरच्या घरी घातला जातो. बाईंची बाळंतिणीची खोली स्वयंपाकघराच्या शेजारी होती ती यासाठीच. भांडी पडतात, मिक्सर चालतो, व्हॅक्यूम क्लीनर घरघरतो, नातवंडं धिंगाणा घालतात. आठ आठवडे पुरे व्हायच्या आत पिल्लू कुणालाही मिळत नाही. आईकडून आणि भावंडांकडून 'किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो' हे शिकायचा तोच काळ असतो.

आणि पिल्लू आपण निवडायचं नाही! २०२१ च्या मार्चमध्ये सात पिल्लं झाली. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची फीत. बाईंनी सात आठवडे त्यांच्याबरोबर काढून ठरवलं, कोण कुणाकडे जाणार. लाल फितीवालं सारखं धावतं, त्याला शिकारीला नेणारा मालक. हिरव्या फितीचं जरा बुजरं, ते निवृत्त जोडप्याकडे. आम्हाला पिवळ्या फितीची, बेतशीर मस्ती करून मांडीत येऊन झोपणारी मिळाली. नवऱ्याच्या जुन्या भीतीची बाईंनी फॉर्ममध्ये नोंद घेतली होती. तिचं नाव आम्ही जिलबी ठेवलं. बाई तिला 'जिल बी' म्हणतात.

पैसे? अडीच हजार डॉलर दिले. आकडा ऐकून आईने कपाळाला हात लावला. पण मी बसून हिशेब मांडला. एक्स-रे, डोळ्यांच्या दरवर्षीच्या तपासण्या, जनुकांच्या चाचण्या, नराच्या मालकाची फी, वेत अडलं तर सिझेरियन, सात पिल्लांची लस आणि जंतांचं औषध, आठ आठवड्यांची रात्रपाळी. शिवाय खुबे नापास झालेली सोफ्यावरची ती. बाईंना यात फार काही उरत असेल असं मला वाटत नाही. जिथे भरपूर उरतं तिथे यातलं काहीतरी गाळलेलं असतं.

पिल्लू ताब्यात देताना करारपत्रावर सह्या झाल्या. तीन पानं. नोंदणी मर्यादित स्वरूपाची, म्हणजे जिलबीची पिल्लं झाली तरी अमेरिकन केनेल क्लबमध्ये त्यांची नोंद होणार नाही. आठव्या कलमात, तिचं वजन वाढू द्यायचं नाही. यामागेही संशोधन आहे. प्युरिना कंपनीने ४८ लॅब्रॅडॉरांवर जन्मभर प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. भावंडांपेक्षा २५ टक्के कमी खाणारे कुत्रे मध्यमानाने तेरा वर्षं जगले, बाकीचे ११.२ वर्षं. (आई इथे राहायला येते तेव्हा हे कलम मी फ्रिजला चिकटवते. "अगं, एवढीशी तूप-पोळी," असं म्हणत ती रोज त्याचा भंग करते.)

आणि नववं कलम. ते जसंच्या तसं मनात राहिलं आहे: काही कारणाने, कुत्र्याच्या कुठल्याही वयात, मालकाला ते ठेवता आलं नाही, तर ते शेल्टरला किंवा तिसऱ्या कुणाला द्यायचं नाही. ते बाईंकडे परत यायचं, आणि बाईंनी ते घ्यायचं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती एक भाबडी अट वाटली. नंतर विचार करताना लक्षात आलं की वर सांगितलेलं बाकी सगळं या एका कलमातून निघतं. आमच्या क्षेत्रात म्हणतात की डिझाइन करणाऱ्यालाच दुरुस्तीला पाठवा, पुढचं डिझाइन आपोआप सुधारेल. तसंच आहे हे. तुम्ही जन्माला घातलेलं प्रत्येक पिल्लू पुढची बारा-तेरा वर्षं कधीही तुमच्या दारात परत येऊ शकतं, हे एकदा मान्य केलं की मग तुम्ही वर्षाला दहा वेतं काढणार नाही, कारण तेवढी परत आली तर ठेवणार कुठे? खुबे तपासाल, कारण लंगडं कुत्रं परत येतं. आठ आठवडे माणसांत वाढवाल, कारण चावरं कुत्रं परत येतं. आणि घर पारखून द्याल, कारण चुकीच्या घरातून परत येतं. त्यांना कोणी प्राणिमात्रांवर दया करा असं शिकवावं लागत नाही.

हे कलम नुसतं कागदावर नव्हतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा पायरीवर तोंडाभोवती पांढरा झालेला एक काळा लॅब झोपलेला होता. त्याचा मालक वृद्धाश्रमात गेला, मुलांनी फोन केला, आणि बाई सहा तास गाडी चालवून त्याला घेऊन आल्या. दहा वर्षांचा कुत्रा, त्याला आता कोण घेणार? तो बाईंकडेच राहिला.

याच्या उलट टोकाला काय असतं तेही सांगायला हवं. चारपेक्षा जास्त माद्या पैदाशीला ठेवून दुकानदारांना, किंवा पिल्लू प्रत्यक्ष न दाखवता गिऱ्हाइकाला विकणाऱ्याला इथे केंद्रीय कृषी खात्याचा परवाना लागतो. कुत्र्याला किती जागा द्यायची याचं त्या नियमांत चक्क सूत्र आहे. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी इंचांत मोजा, त्यात सहा मिळवा, वर्ग करा. छत्तीस इंच लांब लॅब्रॅडॉर घेतला तर बेचाळीसचा वर्ग, म्हणजे साडेतीन फूट बाय साडेतीन फूट. पिंजऱ्याची उंची डोक्याच्या वर सहा इंच. पिल्लं असतील तर थोडी वाढीव जागा, आणि व्यायामाची काहीतरी योजना कागदावर. एवढं पाळलं की कायद्याने सगळं ठीक! शेकडो कुत्र्या अशा पिंजऱ्यांत वेतामागून वेत देत राहतात आणि पिल्लं ट्रकमधून दुकानांत जातात. गिऱ्हाइकाला काचेमागे फक्त गोंडस पिल्लू दिसतं, त्याची आई कधीच दिसत नाही. म्हणून आता दुकानांवरच बंदी यायला लागली आहे. कॅलिफोर्नियात पाळीव प्राण्यांच्या दुकानांना ब्रीडरकडची पिल्लं विकायला २०१९ पासून मनाई आहे, न्यूयॉर्क राज्यात डिसेंबर २०२४ पासून. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालचं पिल्लू मधला विक्रेता विकूच शकत नाही. वेल्समधल्या एका पैदास-केंद्रातून सुटका झालेल्या लुसी नावाच्या कुत्रीवरून त्या कायद्याला लुसीचा कायदा म्हणतात. या सगळ्यामागचा विचार एकच. पिल्लू घेणाऱ्याने ते पिल्लू त्याच्या आईजवळ बघितलं पाहिजे.

आता साठ दिवसांचं. २०२३ च्या जानेवारीत आमच्या कंपनीने माझा अख्खा विभाग बंद केला. मंगळवारी सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग, आणि घड्याळ सुरू. मी यादी करायला बसले. अर्ज, वकील, घराचा हप्ता, गाड्या, सामान. यादीत चौथ्या क्रमांकावर जिलबी होती, आणि मी रोज तिच्यावरून डोळे फिरवून पाचव्यावर जात होते.

भारतात न्यायची म्हटलं तर नेता येते. निवास कायमचा भारतात हलवणाऱ्या माणसाला पाळीव कुत्रं नेता येतं. त्याला भारतीय प्राणी विलगीकरण खात्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, रेबीजची लस, सरकारी शिक्का असलेला आरोग्याचा दाखला. सत्तावीस किलोची जिलबी केबिनमध्ये मावणार नाही, म्हणजे विमानाच्या पोटातून. आणि कुठे? कोथरूडला तिसरा मजला, लिफ्ट नाही, एप्रिलचं ऊन, आणि उणे पंचवीसमध्ये बर्फात लोळणारी ही बया. आई म्हणाली, "घेऊन ये गं, करू काहीतरी." बाबा काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांचा गुडघा बोलला.

दहाव्या दिवशी मी बाईंना फोन केला. नववं कलम मला लागू होणार की काय, या विचाराने बोलताना माझा आवाज नीट लागत नव्हता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते कलम तिच्यासाठी आहे, तुमच्याविरुद्ध नाही. तुम्ही इथे राहिलात तर ती तुमची. जावं लागलं आणि तिला नेणं जमलं तर घेऊन जा, मी कागद करून देईन. नाहीच जमलं तर तिची जागा इथे आहे. तुम्ही हे फॉर्मवर लिहिलंत त्याच दिवशी मी ते धरून चालले होते. तेव्हा तिला तुमच्या यादीतून खोडा आणि नोकरी शोधा."

मी खरंच यादीतून तो आकडा खोडला. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. एकावन्नाव्या दिवशी नव्या कंपनीने माझा अर्ज दाखल केला आणि जिलबी इथेच राहिली. पण त्या पन्नास दिवसांत माझ्या ओळखीतल्या दोन देशी कुटुंबांची कुत्री शेल्टरमध्ये गेली. लोक वाईट नव्हते, कुत्र्यांवर त्यांचा जीव होता. त्यांच्याजवळ फोन करायला कुणी नव्हतं, एवढाच फरक.

हे सगळं तुम्हाला कशाला सांगतेय? कारण आपल्याकडेही आता हा बाजार मोठा झाला आहे. तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हस्की आणि सेंट बर्नार्ड दिसायला लागलेत. भारतातही २०१७ सालचे श्वान पैदास आणि विक्रीचे नियम आहेत, हे बहुतेकांना माहीत नसतं. त्यांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, एका मादीची आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं काढायची नाहीत. कागदावर हे सगळं आहे. ते अमलात येतं की नाही हे बरंचसं विकत घेणाऱ्याने काय विचारलं यावर ठरतं.

आणि हे काही फक्त साहेबाचं खूळ नाही. साताऱ्याकडच्या माझ्या आजोळी कुत्री व्याली की आजोबा पिल्लं वाटायचे, पैसे न घेता. पण कुणालाही नाही. ज्याच्या शेतावरून त्यांचं रोजचं जाणं-येणं असेल त्यालाच. पिल्लू दिसत राहायचं. उपाशी दिसलं तर आजोबा त्या घरी जाऊन चार शब्द सुनावून यायचे, आणि एकदा तर पिल्लू काखोटीला मारून परत घेऊन आलेले मला आठवतात. नववं कलमच की हे! गावात त्याला कागद लागत नव्हता, कारण देणारा आणि घेणारा एकमेकांच्या नजरेसमोर होते. शहरात फोनवरून पिल्लू घेताना ती नजर नाहीशी होते. तिच्या जागी काहीतरी हवं, मग ते करारपत्र असो नाही तर शब्द.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी पिल्लू घ्यायच्या विचारात असेल तर आधी गल्लीतल्या देशी पिल्लांकडे एकदा बघा, ती तुमच्या हवेला तुमच्यापेक्षा जास्त सरावलेली असतात. विशिष्ट जातीचंच हवं असेल तर ब्रीडरच्या घरी जा आणि पिल्लाची आई बघायला मागा. "आई गावाला असते," असं उत्तर आलं तर तसेच परत फिरा. खुब्यांचे एक्स-रे मागा. आणि पैसे मोजायच्या आधी विचारा, "तीन वर्षांनी मला हे ठेवता आलं नाही, तर तुम्ही परत घ्याल का?"

त्याआधी घरी एका कोऱ्या कागदावर बाईंच्या शेवटच्या पानाचा प्रश्न लिहा. बदली, आजारपण, लग्न, परदेश, सोसायटीतली भांडणं, जे काय असेल ते प्रामाणिकपणे उतरवा. त्यामुळे कुत्रं घेऊ नये असं मुळीच नाही. आम्ही लिहूनच घेतलं होतं. प्रत्येक ओळीपुढे, तशी वेळ आली तर कुत्रं कुणाकडे जाईल त्या माणसाचं नाव लिहा, त्याला विचारून. नावं लिहून झाली की मग खुशाल पिल्लू आणा.